सतरा सेकंद

म्हार्दोळला, जायांच्या पुनवेच्या रात्री,
देवळासमोरच्या मांडवात तिसऱ्या खांबाला टेकून
मी बसलो होतो, मांडीवर रेकॉर्डर,
मेव्हण्यानं दुबईहून आणलेला, चार सेलांवर चालणारा,
आणि साठ मिनिटांची एकुलती एक कॅसेट.
गुलाबबाई आडपईकर गात होत्या.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं
की तिसाव्या मिनिटाला बिहाग उलटावा लागतो.

खट्.
बटण, झाकण, कॅसेट फिरवली, झाकण, बटण.
सतरा सेकंद.
(मागाहून मोजले, तीच कॅसेट, तोच रेकॉर्डर,
बायकोच्या हातात घड्याळ देऊन.)
दुसरी बाजू उघडते ती थेट हसण्यात,
अख्खा मांडव हसतोय, कुणी मांडीवर थाप मारतंय,
आणि बाई म्हणतात, "असूं दे, असूं दे,"
आणि पुन्हा षड्ज.

चव्वेचाळीस वर्षं ती तांदळाच्या डब्यात राहिली,
दमट लागू नये म्हणून.
गेल्या वर्षी नातवानं, साईशनं, फितीवरची बुरशी कापसानं टिपली,
आवाज संगणकात उतरवला
आणि सोडला जगात.
खाली मी एवढंच लिहायला लावलं:
त्या रात्री तिथं कोण कोण होतं?
मध्ये काय झालं?

होते. बरेच होते.
बाणस्तारीचा कायतान पोदेर,
आता स्विंडनला, दोन्ही गुडघे बदललेले,
सायबाची आण घेऊन म्हणाला, तंबोऱ्याची तार तुटली.
शारजाहून प्रज्योती कामत म्हणाली, छे, मांजर!
सरळ बैठकीवर चढलं, बाईंच्या वेणीतल्या जाया हुंगून गेलं.
तबलजी धाकू नार्वेकरांच्या मुलानं लिहिलं,
बाबा समेला चुकले असणार.
घरी कधी बोलले नाहीत, पण त्या पुनवेनंतर
बिहागच्या साथीला बसले की आधी कानाची पाळी धरत.
आणि एक बाई, नाव न देता:
मी सहा वर्षांची, झोपले होते.
आईचा हात माझ्या पाठीवर ठेका धरत होता.
तो मध्येच थांबला. मला तेवढंच ठाऊक आहे.

साईश म्हणाला, आजोबा, पण तुम्ही तर तिथंच होता!
होतो रे. मान खाली घालून
नखानं झाकण उचकटत होतो.
साऱ्या मांडवात मी एकटाच
जपून ठेवायच्या नादात
हजर नव्हतो.

आता तो म्हणतो, दोन्ही टोकं जोडून देतो,
सांधा कुणाला कळायचाही नाही.
नको म्हटलं. राहू दे भोक.
भोकं नसलेली आंबोळी कोण खातं?
तार, मांजर, चुकलेली सम, थांबलेला हात,
सगळे बसू देत तिथं दाटीवाटीनं,
जागा सतरा सेकंदांचीच असली तरी.

परवा रात्री जेवण आटोपत होतं, तेव्हा फोन.
वेलिंगहून. म्हातारा, बारीक आवाज.
"बाराव्या मिनिटाला कुणीतरी खोकतं. ऐकलंस?"
म्हटलं, हो आजी, तो काढून टाकणार आहोत,
आलापाच्या ऐन मध्ये येतो.
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, "काढू नको. आमच्यांचा तो.
फोटो आहे रे भिंतीवर. आवाज नाही.
गाणं मला नको, पुता, मला त्यातलं कळत नाही.
तेवढा खोकला पाठव."

साईशनं कापून दिला. तीन सेकंद भरले.
पाठवला.
मागून बाईंचा निषाद थोडा येतोच,
त्याला इलाज नाही.